प्रस्तावना : भूकंपसुरक्षा आणि संरचना अभियंत्याचे लोककार्य

भूकंपात एखादी इमारत तगेल की कोसळेल, हे ठरवणारे बहुतेक निर्णय जमीन हलण्याच्या कितीतरी वर्षे आधी घेतले गेलेले असतात. खांब किती जाड असावा, त्यातल्या सळया कुठे जोडाव्यात, तळमजल्यावर भिंती घालाव्यात की तो गाड्यांसाठी मोकळा सोडावा, पाया कोणत्या जमिनीवर टेकावा, असे ते निर्णय असतात आणि त्यांची जबाबदारी ज्याच्यावर असते त्याला संरचना अभियंता, किंवा रोजच्या बोलण्यात स्ट्रक्चरल इंजिनिअर अथवा आरसीसी कन्सल्टंट, म्हणतात. वास्तुरचनाकार इमारतीचे रूप आणि वापर ठरवतो, भूवैज्ञानिक जमिनीखालच्या हालचालींचा अभ्यास करतो, ठेकेदार प्रत्यक्ष बांधतो. इमारतीचे स्वतःचे वजन, माणसे, सामान, वारा आणि भूकंपाचे हादरे हे सारे भार कोणत्या वाटेने जमिनीपर्यंत पोहोचतील याचा हिशेब मांडणे आणि त्या हिशेबाबरहुकूम काम होते आहे की नाही हे पाहणे, हे संरचना अभियंत्याचे काम. त्याचे मानधन विकासक किंवा मालक देतो, परंतु त्याच्या कामावर ज्यांचा जीव अवलंबून असतो ती माणसे पुढची पन्नास-साठ वर्षे त्या घरात राहणार असतात आणि त्यांतल्या बहुतेकांना त्याचे नावही ठाऊक नसते. मोबदला एकाकडून आणि बांधिलकी दुसऱ्याशी अशा या स्थितीत चालणारा व्यवसाय लोकांच्या सुरक्षिततेची सेवा कशी करत आला, कुठे यशस्वी झाला आणि कुठे कमी पडला, हा प्रस्तुत ग्रंथाचा विषय आहे.

विषयाशी नव्याने ओळख करून घेणाऱ्या वाचकाने दोन गोष्टी आरंभीच लक्षात घेतलेल्या बऱ्या. जमीन हलू लागली की इमारतीचा पाया जमिनीबरोबर सरकतो, पण वरचे मजले जडत्वामुळे जागच्या जागी राहू पाहतात, आणि या ओढाताणीतून इमारतीवर आडवे बल निर्माण होते. इमारत जितकी जड तितके हे बल मोठे. माणसाने हजारो वर्षे घरे बांधली ती मुख्यतः वरून खाली येणाऱ्या भाराच्या अनुभवावर, त्यामुळे पिढ्यानपिढ्या भक्कम समजली गेलेली रुंद दगडी भिंत आडव्या हादऱ्यात ढासळते, हे समजायला आणि पटायलाही वेळ लागतो. दुसरी गोष्ट अशी की क्वचितच येणाऱ्या मोठ्या भूकंपासाठी प्रत्येक घर पूर्णपणे अभेद्य बांधणे कोणत्याही समाजाला परवडत नाही, म्हणून लहान भूकंपात काही बिघडू नये, मध्यम भूकंपात भिंतींना भेगा पडल्या तरी सांगाडा शाबूत राहावा आणि मोठ्या भूकंपात इमारत पुढे वापरण्याजोगी उरली नाही तरी ती कोसळू नये, आतला माणूस जिवंत बाहेर पडावा, हे जगभरच्या बांधकाम संहितांचे मूळ सूत्र आहे. हा समाजाच्या वतीने केलेला करार आहे आणि ज्यांच्या वतीने तो केला जातो त्यांना तो क्वचितच समजावून सांगितला जातो. सदनिका घेणाऱ्या बहुतेकांची समजूत भूकंपरोधक इमारतीला भूकंपात काहीच होत नाही अशी असते. ती समजूत दूर करणे हाही अभियंत्याच्या लोककार्याचाच भाग आहे.

या शास्त्राला पहिला आकडा मिळाला तो इटलीत. २८ डिसेंबर १९०८ च्या भूकंपाने मेसिना आणि रेज्जो ही शहरे उद्ध्वस्त केली, सत्तर हजारांहून अधिक माणसे दगावली, आणि त्यानंतर सरकारने नेमलेल्या अभियंत्यांच्या समितीने पडलेल्या आणि टिकलेल्या घरांची तुलना करून तळमजल्यासाठी वजनाच्या बाराव्या हिश्श्याइतके व त्यावरच्या मजल्यासाठी आठव्या हिश्श्याइतके आडवे बल धरून आराखडा करावा अशी शिफारस केली. त्याच सुमारास जपानमध्ये रिकी सानो यांनी इमारतीच्या वजनाचा ठरावीक अंश आडवे बल म्हणून घेण्याची पद्धत मांडली आणि ताचू नाइतो यांनी भक्कम भिंतींनी बांधलेल्या चौकटीचा आग्रह धरला. १ सप्टेंबर १९२३ च्या कांटो भूकंपात एक लाखाहून अधिक लोक मृत्युमुखी पडले, पण नाइतो यांनी आराखडा केलेली टोकियोतील इंडस्ट्रियल बँकेची इमारत उभी राहिली, आणि पुढच्याच वर्षी जपानने वजनाच्या एक दशांश इतके आडवे बल गृहीत धरणे कायद्याने बंधनकारक केले. ही झाली बलाची परंपरा. तिच्यातला अंश आजच्या दृष्टीने ढोबळ असला, तरी प्रत्येक इमारतीने आडवा हादरा सोसलाच पाहिजे हे तत्त्व तिने कायद्यात आणले.

अभियंत्यांनी आपल्या ज्ञानाला सार्वजनिक जबाबदारीचे रूप कसे दिले, याचे सर्वांत लखलखीत उदाहरण कॅलिफोर्नियातले आहे. १० मार्च १९३३ रोजी संध्याकाळी लाँग बीच येथे भूकंप झाला आणि त्यात विटांच्या शाळा मोठ्या संख्येने कोसळल्या. शाळा सुटून काही तास उलटले होते म्हणून वर्ग रिकामे होते. दुपारी हाच हादरा बसला असता तर काय झाले असते, हे पालकांना कुणी सांगावे लागले नाही. भूकंपानंतर महिन्याभरात फील्ड कायदा संमत झाला. सार्वजनिक शाळेचा आराखडा परवानाधारक वास्तुरचनाकाराने किंवा संरचना अभियंत्याने करावा, राज्याच्या यंत्रणेने तो स्वतंत्रपणे तपासावा, बांधकाम चालू असताना जागेवर सतत निरीक्षक असावा आणि शेवटी अभियंता, निरीक्षक व ठेकेदार या प्रत्येकाने काम आराखड्याप्रमाणेच झाले असल्याचे शपथपूर्वक लिहून द्यावे, अशी ती साखळी आहे. या कायद्याखाली बांधलेल्या शाळेत भूकंपाने पडझड होऊन आजवर एकही मूल दगावलेले नाही. त्या काळी संगणक नव्हते, हादऱ्यांच्या नोंदी जेमतेम होऊ लागल्या होत्या, गणितही आजच्या मानाने साधे होते. तरीही यश आले ते चार वेगवेगळ्या माणसांनी आपापल्या नावाने जबाबदारी घेतल्यामुळे. या ग्रंथातल्या जवळजवळ प्रत्येक लेखात हा मुद्दा कोणत्या ना कोणत्या रूपात आला आहे.

याच कॅलिफोर्नियात भूकंपाकडे गतीच्या अंगाने पाहणारी दुसरी परंपरा वाढली. प्रत्येक इमारत एकदा हलवली की विशिष्ट लयीत डोलते. एका हेलकाव्याला लागणाऱ्या वेळाला तिचा आवर्तनकाल म्हणतात आणि तो ढोबळमानाने मजल्यामागे एक दशांश सेकंद धरता येतो. मॉरिस बिओ आणि जॉर्ज हाउस्नर यांनी एकाच भूकंपाला वेगवेगळ्या आवर्तनकालांच्या इमारती किती प्रतिसाद देतील हे एका आलेखात दाखवण्याची कल्पना विकसित केली, १९४० मध्ये एल सेंट्रो येथे हादऱ्याची दर्जेदार नोंद मिळाली आणि प्रतिसाद वर्णपट या नावाने ओळखला जाणारा तो आलेख पुढे जगभरच्या संहितांचा कणा झाला. त्याचे महत्त्व किती, ते १९ सप्टेंबर १९८५ रोजी मेक्सिको सिटीने दाखवले. भूकंपाचे केंद्र साडेतीनशे किलोमीटरहून अधिक दूर होते, पण शहराचा मोठा भाग जुन्या सरोवराच्या गाळावर वसलेला आहे आणि तो गाळ दोन सेकंदांच्या आसपासच्या लयीत डोलू लागला. साधारण सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारती तडे जाऊन मऊ पडत गेल्या तशी त्यांची लय गाळाच्या लयीजवळ पोहोचली आणि त्याच सर्वाधिक संख्येने कोसळल्या. शेजारच्या कमी उंचीच्या अनेक जुन्या इमारती मात्र वाचल्या. जमीन आणि इमारत यांचा विचार वेगळा करता येत नाही, हे त्यानंतर कुणाला वेगळे पटवून द्यावे लागले नाही.

तिसरी परंपरा न्यूझीलंडची, आणि भारतातल्या आजच्या बांधकामाशी तिचा संबंध सर्वांत निकटचा आहे. कँटरबरी विद्यापीठातले रॉबर्ट पार्क आणि टॉम पॉले यांनी असा विचार मांडला की मोठ्या भूकंपात काही भाग वाकणार हे अटळ असेल, तर कुठला भाग आधी वाकावा हे अभियंत्यानेच ठरवावे: तुळया आधी वाकाव्यात, खांब नंतर, आणि जे वाकेल ते काचेसारखे न फुटता लवचीकपणे ताणले जावे. या गुणाला तन्यता म्हणतात. ती शेवटी कुठे राहते हे पाहण्यासाठी बांधकामावरची एक छोटी वस्तू जवळून पाहावी लागते. खांबातल्या उभ्या सळयांना ठरावीक अंतराने वेढणाऱ्या बारीक सळईला साइटवर रिंग म्हणतात. तिचे टोक ९० अंशांत वाकवून सोडले, तर भूकंपात खांबावरचे बाहेरचे काँक्रीट गळताच ते टोक उघडे पडते, रिंग सुटते, उभ्या सळया बाहेर फाकतात आणि आतल्या काँक्रीटचा भुगा होतो. तेच टोक १३५ अंशांत आत, खांबाच्या गाभ्यात वळवले, तर रिंग आवळलेली राहते आणि तडे गेलेला खांबही वरचे मजले पेलून धरतो. आयएस १३९२० हे भारतीय मानक हे १३५ अंशांचे वळण मागते, २०१६ च्या आवृत्तीप्रमाणे वळणापुढे किमान ६५ मिलिमीटर टोक मागते आणि खांबाच्या दोन्ही टोकांकडे रिंगांमधले अंतर १०० मिलिमीटरपेक्षा जास्त ठेवू देत नाही. यासाठी रिंगमागे काही सेंटिमीटर सळई आणि बारबेंडरचे, म्हणजे सळया वाकवणाऱ्या कारागिराचे, थोडे अधिक श्रम लागतात. पण अशी रिंग सळयांच्या दाटीत बसवणे अवघड जाते, कामाची घाई असते, आणि एकदा काँक्रीट ओतले की आत काय आहे हे कुणालाच दिसत नाही. म्हणून काँक्रीट ओतण्याआधी अभियंत्याने स्वतः जाऊन सळया पाहणे आणि चुकीच्या रिंगा दिसल्या तर काम थांबवणे, ही या व्यवसायातली फार मोठी लोकसेवा आहे. तिची नोंद कुठेही होत नाही.

त्यानंतरच्या प्रवाहांचा उल्लेख थोडक्यात पुरेसा आहे. १९९४ मध्ये नॉर्थरिज आणि १९९५ मध्ये कोबे येथे झालेल्या भूकंपांनंतर, इमारत कोसळली नाही एवढ्यावर समाधान न मानता ती भूकंपानंतर किती दिवसांत वापरता येईल हे मालकाशी आधीच ठरवून आराखडा करण्याची कार्यक्षमताधारित पद्धत रुजली. इमारत आणि पाया यांच्यामध्ये रबर-शिशाच्या गाद्या बसवून हादरा वर पोहोचू न देण्याचे तंत्र न्यूझीलंडमध्ये बिल रॉबिन्सन यांच्या संशोधनातून व्यवहारात आले, आणि २००१ च्या भूकंपात उद्ध्वस्त झालेले भुजचे जिल्हा रुग्णालय नव्याने बांधताना तेच वापरले गेले. भूकंपाच्या दिवशी ज्या इमारतीची गरज सर्वांत जास्त असते ती रुग्णालयाची, त्यामुळे तिथे हा खर्च सर्वार्थाने योग्य आहे.

भारतात या शास्त्राची सुरुवात एका तरुण रेल्वे अभियंत्याच्या कामातून झाली. १९३१ मध्ये बलुचिस्तानात भूकंप झाल्यावर एस. एल. कुमार यांनी क्वेट्टा येथील रेल्वे कर्मचाऱ्यांची निवासस्थाने आडव्या बलाचा हिशेब करून, जुन्या रुळांच्या सांगाड्यावर बांधली आणि १९३३ मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली. ३१ मे १९३५ च्या पहाटे क्वेट्टा शहर जमीनदोस्त झाले, किमान तीस हजार लोक गेले, आणि ती निवासस्थाने उभी राहिली. कोणत्याही वादविवादापेक्षा हा पुरावा बोलका होता; क्वेट्टाच्या पुनर्बांधणीत विटांच्या भिंतींत सळया आणि काँक्रीटचे आडवे पट्टे घालणे सक्तीचे झाले. स्वातंत्र्यानंतर रुरकी येथे जय कृष्ण यांच्या पुढाकाराने १९६० मध्ये भूकंप-अभियांत्रिकीचे स्वतंत्र केंद्र उभे राहिले, १९६२ मध्ये आयएस १८९३ हे पहिले राष्ट्रीय मानक आले, आणि त्याच केंद्रातले आनंद स्वरूप आर्य यांनी आयुष्यभर अशा घरांचा ध्यास घेतला ज्यांच्या वाट्याला अभियंता कधीच येत नाही: दगड-मातीची, कच्च्या विटांची, गवंड्याने अंदाजाने उभारलेली घरे. त्यांच्या नेतृत्वाखाली आंतरराष्ट्रीय भूकंप अभियांत्रिकी संघटनेने १९८६ मध्ये अशा बांधकामांसाठी मार्गदर्शिका काढली आणि ती अनेक देशांत वापरली गेली. गणिताच्या परंपरांमध्ये भारत बहुतांशी शिकणारा देश राहिला असला, तरी या चौथ्या, लोकबांधकामाच्या परंपरेत त्याने जगाला दिलेले देणे मोठे आहे आणि त्याची पुरेशी दखल घेतली गेलेली नाही.

महाराष्ट्र या इतिहासात दोनदा केंद्रस्थानी आला. दख्खनचे पठार स्थिर आहे अशी समजूत होती, ती ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाने मोडली. सुमारे १८० माणसे दगावली, कोयनानगरची घरे पडली आणि १०३ मीटर उंचीच्या धरणाच्या भिंतीला, तिचा उतार जिथे बदलतो त्या पातळीवर, आडव्या भेगा पडल्या. धरणातच बसवलेल्या यंत्रावर हादऱ्याची नोंद मिळाली होती. त्या नोंदीवरून आणि त्या भेगांवरून अनिल चोप्रा यांच्यासारख्या अभ्यासकांनी काँक्रीट धरणांच्या भूकंपीय वर्तनाचे जे विश्लेषण केले, ते आजही जगभर पडताळणीसाठी वापरले जाते. धरण मागून टेकू देऊन मजबूत करण्यात आले. देशाच्या भूकंपप्रवणता नकाशातला शून्य विभाग १९७० च्या आवृत्तीत रद्द झाला आणि कोयना परिसर चौथ्या विभागात गेला.

किल्लारीची गोष्ट अधिक वेदनादायक आहे आणि तिच्यातून शिकण्याजोगेही अधिक आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जनानंतरच्या पहाटे, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावे झोपेत असताना ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. ही तीव्रता जगाच्या मानाने मध्यम. तरीही सुमारे आठ हजार किंवा त्याहून अधिक माणसे गेली. त्या वेळच्या नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. गावांतली माळवदी घरे दोन ते चार फूट रुंदीच्या दगडी भिंतींची, वर लाकडी तुळया आणि त्यावर उन्हापासून बचाव करणारा मातीचा जाड थर अशी होती. भिंत बाहेरून एकसंध दिसली तरी ती खरे तर दोन वेगळ्या पदरांची असे, मधली जागा चुरी आणि मातीने भरलेली, आणि दोन्ही पदरांना सांधणारा आरपार दगड जवळजवळ कुठेच नसे. हादऱ्यात दोन्ही पदर एकमेकांपासून फाकले आणि दगडांचा व मातीचा ढीग झोपलेल्या माणसांवर कोसळला. काही घरांत लाकडी सांगाडा तसाच उभा राहिला आणि भोवतीच्या भिंती तेवढ्या गेल्या.

वाचलेल्या माणसांच्या मनात दगडाची दहशत बसली, आणि ते स्वाभाविक होते. परंतु दोष दगडात नव्हता, तो सांधण्यात होता. जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात उद्ध्वस्त गावे नव्या जागी वसवली गेली, त्याचबरोबर आजूबाजूच्या जिल्ह्यांतल्या असंख्य घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण हाती घेण्यात आले. भिंतीतला एकेक दगड हलक्या हाताने काढून आरपार भोक पाडायचे, त्यात दोन्ही टोकांना वळवलेली सळई ठेवायची आणि काँक्रीट भरून दोन पदर एकत्र बांधायचे. दरवाजा-खिडक्यांच्या वर घराभोवती पट्टा फिरवायचा. माळवदावरची जादा माती उतरवायची. ही तंत्रे गवंड्याला एका दिवसात दाखवता येतात. अवघड होते ते लोकांचा विश्वास मिळवणे, आणि त्या कामात गावोगावच्या महिला मंडळांतून निवडलेल्या संवाद सहायकांनी अभियंता आणि घरमालक यांच्यामध्ये जे काम केले, ते या देशाच्या आपत्ती-पुनर्वसनात नवे होते. अभियंत्याचे ज्ञान घराघरात पोहोचवायचे तर त्याला अशा सोबत्यांची गरज लागते, हा किल्लारीचा धडा पुढे गुजरातेत आणि नेपाळमध्येही उपयोगी पडला.

२६ जानेवारी २००१ च्या भुज भूकंपाने प्रश्नाची दुसरी बाजू उघड केली. कच्छमधली गावे आणि शहरे कोसळली, तेरा हजारांहून अधिक लोक गेले. पण अभियंत्यांना हादरवले ते सुमारे सव्वादोनशे किलोमीटर दूरच्या अहमदाबादने, जिथे शंभराहून अधिक बहुमजली काँक्रीटच्या इमारती पडल्या. त्या गरिबांच्या झोपड्या नव्हत्या, मध्यमवर्गाने कर्ज काढून घेतलेल्या सदनिका होत्या, आणि त्यांच्या नकाशांवर सह्याही होत्या. तळमजला पार्किंगसाठी मोकळा, वरच्या मजल्यांवर मात्र विटांच्या भिंती, त्यामुळे वरचा भाग ताठ आणि खालचा लुळा. जादा जागेसाठी पहिल्या मजल्यापासून बाहेर काढलेले भाग आणि जमिनीपर्यंत न पोहोचणारे अधांतरी खांब. रिंगा विरळ आणि ९० अंशांत सोडलेल्या. शिवाय तन्यतेची कलमे आयएस १३९२० च्या १९९३ च्या आवृत्तीने, अहमदाबाद ज्यात येते त्या तिसऱ्या विभागातल्या पाच मजल्यांपर्यंतच्या साध्या इमारतींना सक्तीची केलेली नव्हती. तोवर अभियांत्रिकीच्या बहुसंख्य पदवीधरांनी भूकंप हा विषय महाविद्यालयात शिकलेलाच नव्हता. ही उणीव भरून काढण्यासाठी कानपूरच्या आयआयटीच्या समन्वयाने २००३ पासून महाविद्यालयीन शिक्षकांना प्रशिक्षण देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम चालला, आणि सी. व्ही. आर. मूर्ती यांच्या चोवीस भूकंप-टिपांनी हा विषय गणिताविना, चित्रांच्या साहाय्याने सामान्य वाचकापर्यंत नेला. लोकांसाठी लिहिणे हे अभियंत्याचे कामच आहे, हे त्या छोट्या टिपांनी दाखवून दिले.

भूकंप होऊन गेल्यानंतरच्या दिवसांत अभियंत्याची गरज वेगळ्या रूपात उभी राहते. हजारो माणसे रस्त्यावर असतात आणि आपल्या घरात परत जाता येईल का, एवढे एकच त्यांना हवे असते. कॅलिफोर्नियात १९८९ मध्ये तयार झालेल्या पद्धतीनुसार प्रशिक्षित अभियंते इमारतींची झटपट पाहणी करून हिरवी, पिवळी किंवा लाल पाटी लावतात. जपानमध्ये अशा पाहणीसाठी नोंदणी केलेल्या स्वयंसेवकांचे मोठे दल तयार असते. या पाटीवर विसंबून माणसे आत जातात, म्हणून ती लावणाऱ्याची पात्रता हा जीवनमरणाचा प्रश्न असतो. ख्राइस्टचर्चमध्ये सप्टेंबर २०१० च्या भूकंपानंतर सीटीव्ही इमारतीला, अभियंत्याविना झालेल्या पाहणीत, हिरवी पाटी मिळाली. २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपात ती कोसळली आणि शहरातल्या १८५ बळींपैकी ११५ त्या एकाच इमारतीत गेले. चौकशी आयोगाने इमारतीच्या मूळ आराखड्यापासून पाहणीपर्यंत सर्व टप्पे जाहीरपणे तपासले आणि आपला अहवाल लोकांपुढे ठेवला. अशी पारदर्शक चौकशी हीसुद्धा सुरक्षिततेची एक संस्था असते, आणि भारतात ती अजून घडायची आहे.

हा विषय आज मराठी वाचकासमोर का यावा, याचे उत्तर त्याच्या भोवतीच उभे आहे. मुंबई आणि पुणे भूकंपनकाशाच्या तिसऱ्या विभागात मोडतात. पालघर जिल्ह्यात २०१८ च्या अखेरीपासून लहान धक्क्यांची मालिका अनुभवास आली, हिंगोली-नांदेड परिसरानेही अलीकडे धक्के सोसले. दरम्यान राज्यातल्या लहानमोठ्या शहरांत मोकळ्या तळमजल्याच्या इमारती गल्लोगल्ली झाल्या असून त्यांतल्या कितीतरी नव्या मानकांच्या आधीच्या आहेत. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पंधरा वर्षांहून जुन्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण ठरावीक मुदतीने करून घ्यावे लागते, आणि मुंबईत तीस वर्षांपुढच्या इमारतींना स्थैर्याचे प्रमाणपत्र सादर करावे लागते. या परीक्षणात सळयांचा गंज, गळती, काँक्रीटची ताकद यांची तपासणी होते आणि ती आवश्यकच आहे, परंतु भूकंपात हा सांगाडा कसा वागेल हा प्रश्न त्यात बहुधा विचारलाच जात नाही. जुन्या काँक्रीट इमारतींचे भूकंपीय मूल्यमापन व मजबुतीकरण कसे करावे याचे स्वतंत्र मानक, आयएस १५९८८, २०१३ पासून उपलब्ध आहे. मोकळ्या तळमजल्यावर योग्य जागी काँक्रीटच्या भिंती किंवा पोलादी कैच्या घालणे, खांबांना वेष्टण घालून आवळणे हे उपाय पुनर्विकासाच्या तुलनेत थोड्या खर्चात होतात. तरीही संस्थांच्या सभांमध्ये चर्चा होते ती चटईक्षेत्राची. ही स्थिती बदलता येते, असा या ग्रंथाच्या लेखकांचा ठाम विश्वास आहे.

व्यवसायाच्या रचनेचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. वास्तुरचनाकारांसाठी देशात १९७२ पासून स्वतंत्र कायदा व नोंदणी आहे. संरचना अभियंत्यासाठी असा राष्ट्रीय कायदा नाही आणि नोंदणी स्थानिक संस्थांच्या नियमांवर सोपवलेली आहे. पात्रता, जबाबदारी आणि मानधन यांची सांगड नसली की सर्वांत कमी दर सांगणाऱ्याकडे काम जाते, त्याला जागेवर जायला वेळ उरत नाही, आणि विकासकाला नकार देणे प्रामाणिक अभियंत्यालाही जड जाते. महत्त्वाच्या इमारतींचे आराखडे दुसऱ्या स्वतंत्र अभियंत्याने तपासण्याची प्रथा काही ठिकाणी रुजली आहे. ती सार्वत्रिक व्हावी, शाळा आणि रुग्णालयांपासून सुरुवात व्हावी, अशी या ग्रंथाची स्पष्ट भूमिका आहे. ज्ञानाची उणीव आता फारशी राहिलेली नाही. आराखड्याच्या कागदापासून बारबेंडरच्या हातापर्यंतची साखळी जागोजागी तुटलेली आहे, आणि ती जोडणे हे एकट्या अभियंत्याच्या हातातले काम नाही. पालिकेचा अधिकारी, विकासक, गवंडी, सदनिका घेणारा आणि न्यायव्यवस्था यांपैकी प्रत्येकाचा त्यात वाटा आहे.

म्हणूनच ग्रंथाची मांडणी पाठ्यपुस्तकासारखी केलेली नाही. आराखड्याचे सविस्तर गणित इथे आढळणार नाही, ते शिकवणारी चांगली पुस्तके आहेत. इथे प्रयत्न आहे तो त्या गणितामागची तत्त्वे, ती ठरवणाऱ्या भूकंपांचा इतिहास आणि ती प्रत्यक्षात उतरवणाऱ्या माणसांचे काम एकत्र ठेवण्याचा. लेखकांमध्ये सर्व बाबतींत एकमत नाही आणि ते मतभेद मिटवण्याचा प्रयत्न संपादनात केलेला नाही. सक्तीच्या परवान्याने दर्जा वाढेल की लहान शहरांतल्या अभियंत्यांची वाट अडेल, किंवा पारंपरिक दगडी घर सुधारावे की सोडून द्यावे, यांवर वाचकाला परस्परविरोधी युक्तिवाद सापडतील. पूल, अणुवीज केंद्रे आणि मोठ्या औद्योगिक रचना यांना इथे जागा दिलेली नाही, कारण त्यांच्यासाठी वेगळ्या यंत्रणा काम करतात आणि सामान्य नागरिकाचा निर्णय तिथे लागत नाही. धरणांपैकी फक्त कोयनेचा विचार सविस्तर केला आहे. संज्ञा पहिल्यांदा येतात तिथे समजावलेल्या आहेत, आणि जुन्या इमारतींवरचा विभाग स्वतंत्रपणे वाचता यावा म्हणून त्यात त्या पुन्हा दिल्या आहेत, जेणेकरून गृहनिर्माण संस्थेच्या समितीवर काम करणाऱ्या वाचकाला परीक्षणाचा अहवाल हातात घेऊन थेट तिथून सुरुवात करता येईल.